आतड्यातल्या खुणा शोधताना आमच्या ताटाकडेही बघा: बेळगावच्या डॉक्टर-संशोधकांना खुले पत्र

प्रति,
बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालयांचे संशोधन विभाग, नेहरूनगरातील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पारंपरिक वैद्यक संस्थेतील शास्त्रज्ञ आणि सीमाभागात सांधेदुखीचे रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, टाइप वन मधुमेह या स्वयंप्रतिकार आजारांची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते अशा आजारांची, चाहूल आतड्यातल्या रसायनांवरून लागू शकेल का, या प्रश्नावर बरीच वर्षं जगभर काम चाललं आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते काम बहुतांशी न्यूयॉर्क, फिनलंड, जर्मनी, चीन इथल्या माणसांवर झालं. ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि पलीकडच्या चंदगडच्या माणसांवरही व्हावं, आणि ते तुम्ही करावं, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. खुलं लिहिते, कारण ज्यांचे नमुने लागणार आहेत त्यांनीही ते वाचायला हवं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमवात मला नोकरीत असतानाच लागला. सकाळी मूठ वळायची नाही, खडू धरता यायचा नाही, दुपारपर्यंत बोटं जरा सुटायची. आमवातासाठी रक्ताच्या दोन तपासण्या करतात, त्यांतला आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, अँटी सीसीपीही निगेटिव्ह आली. एका डॉक्टरांनी चिकुनगुनियानंतरचं दुखणं ठरवून मला वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलं. त्यांच्यावर माझा राग नाही. २००६ च्या साथीत देशभरात चिकुनगुनियाचे सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकातले होते. त्यानंतर आमच्याकडे ज्याचे सांधे धरले तो चिकुनगुनियाचाच, असं लोकही म्हणायचे आणि दवाखान्यातही तोच अंदाज पहिल्यांदा बांधला जायचा. पण खरा आजार कळून मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध सुरू होईपर्यंत माझ्या उजव्या मनगटाची झीज झालेली होती, आणि झालेली झीज औषधाने भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात, हे तुम्हीच आम्हाला सांगता. ते महिने हातचे जाऊ नयेत, यासाठीच माझी ही धडपड आहे.

अँटी सीसीपी ही चाचणी चांगलीच आहे. ती पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता दाट असते, आणि कित्येकांच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं दुखणं सुरू व्हायच्या काही वर्षं आधीपासून सापडतात. तरी अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये मांडलेल्या हिशोबात तिची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण ती पकडते ते प्रमाण, ६७ टक्क्यांच्या आसपास भरली. तिघा रुग्णांतला एक तिच्यातून सुटतो. मी त्या सुटलेल्यांतली. आम्हा सुटलेल्यांसाठी दुसरी काही खूण हवी आहे, आणि ती आतड्यात सापडेल अशी आशा धरायला कारणं आहेत.

जे वाचक या विषयात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाकरीतला, डाळीच्या सालीतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट हेच. शिवाय २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या आम्लांमुळे आतड्यातल्या नियामक टी पेशी वाढतात. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर उठू नये म्हणून तिला आवर घालतात त्या या पेशी. पित्ताचंही तसंच. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि जिवाणू त्यांचं रूप पालटतात. त्यांतल्या लिथोकोलिक आम्लाची दोन रूपं २०१९ मध्ये पुढे आली. उंदरांत त्यातलं एक दाह वाढवणाऱ्या पेशींना रोखत होतं, दुसरं आवर घालणाऱ्या पेशी वाढवत होतं. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून जिवाणू इंडोल नावाची रसायनं करतात, तीही अस्तराशी आणि प्रतिकारपेशींशी बोलतात. माणसांत बघायचं तर २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या रक्तात आणि शौचात प्रोपिओनिक आम्ल निरोगी माणसांपेक्षा कमी आढळलं. टाइप वन मधुमेहाचा धोका असलेल्या मुलांचा टेडी नावाचा मोठा अभ्यास अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये चालतो. मूल तीन महिन्यांचं झाल्यापासून दर महिन्याला त्याच्या शौचाचा नमुना घेतला गेला. २०१८ मध्ये त्यातून निघालं की जी मुलं निरोगी राहिली त्यांच्या जिवाणूंत ही छोटी आम्लं बनवणारी जनुकं जास्त होती.

आता माझ्या मुद्द्यावर येते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाने खळबळ उडवली होती. नुकताच आमवात झालेल्या आणि अजून औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला. निरोगी लोकांत हे प्रमाण २१ टक्के होतं. तिथे राहणाऱ्या कुणालाही वाटेल की खूण सापडली. पण प्रिव्होटेला हा धान्य, कडधान्य, भाजीपाला खाणाऱ्यांच्या आतड्यात सुखाने नांदणारा जिवाणू आहे. भारतात तो ठिकठिकाणी मुबलक सापडतो. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांचे जिवाणू आणि त्यांच्या शौचातली रसायनं एकत्र तपासली गेली. शाकाहाराकडे झुकलेल्या भोपाळकडच्या लोकांत प्रिव्होटेलाचं राज्य होतं, मिश्राहारी केरळात चित्र वेगळं होतं. ही सगळी धडधाकट माणसं होती. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. प्रिव्होटेला कोप्री या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी कुळं आहेत, आणि पाश्चात्त्य पद्धतीने न जगणाऱ्या माणसांत ती एकत्र नांदतात.

मग माझ्या शेजारणीच्या शौचात प्रिव्होटेला भरपूर निघाला तर काय म्हणायचं? आमवात येऊ घातलाय, की ती रोज दोन वेळा भाकरी आणि मटकीची उसळ खाते? न्यूयॉर्कच्या मोजपट्टीने याचं उत्तर मिळत नाही. जिवाणूंचं जे आहे तेच त्यांनी बनवलेल्या रसायनांचं. ब्युटिरेट किती असलं म्हणजे कमी, पित्ताम्लांचं कुठलं प्रमाण बिघडलेलं, हे ठरवायला आधी इथल्या निरोगी माणसाचं प्रमाण हातात हवं. ते नसताना परदेशी आकड्यांवर आम्हाला मोजलं तर निरोगी माणसं आजारी ठरतील आणि आजारी निरोगी ठरतील. सगळ्या पत्रात हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि हा प्रश्न नुसता पुस्तकातला राहिलेला नाही. मध्यंतरी एका खाजगी प्रयोगशाळेचा माणूस आमच्या भागात फिरत होता. शौचाच्या एका डबीवरून 'ऑटोइम्यूनचा धोका' सांगणारं पॅकेज तो देत होता. पैसे आधी द्यायचे. ज्यांच्या घरात कुणाची बोटं वाकडी झालेली त्यांनी आपल्या लेकीसुनांसाठी चौकशी केली. आईची बोटं बघत वाढलेल्या मुलीला आपलंही असंच होणार का ही धास्ती असते, ती मी समजू शकते. म्हणून त्या घरांसाठी इथे हिशोब मांडते. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातली जी पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रौढांमधलं आमवाताचं प्रमाण ०.७५ टक्के आलं होतं. म्हणजे हजारात सात-आठ. एखादी चाचणी दहातले नऊ रुग्ण बरोबर पकडते आणि दहातल्या नऊ निरोगी माणसांना बरोबर निरोगी म्हणते, असं धरू. आतड्यातल्या कुठल्याही रसायनाबद्दल एवढी खात्री आज कुणी देऊ शकत नाही, तरी धरू. हजार माणसांत ती सात रुग्ण शोधेल आणि सोबत शंभरेक निरोगी माणसांच्या हाती 'धोका आहे' असा कागद ठेवेल. त्या शंभर घरांतली झोप उडेल, काही मुलींची लग्नं अडतील, काही जणी कुणाच्या तरी पुड्या सुरू करतील. तुमच्यासारख्या संस्थांनी एकत्र येऊन एका पानाचं निवेदन मराठीत आणि कन्नडमध्ये काढावं: स्वयंप्रतिकार आजाराचं निदान किंवा भाकीत शौचातल्या रसायनांवरून करणारी मान्यताप्राप्त चाचणी आज नाही. एवढं एक वाक्य पुरे. सोबत हेही सांगावं की शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासायला डॉक्टर सांगतात ती गोष्ट वेगळी. ते आपल्याच पांढऱ्या पेशींतलं प्रथिन आहे, आतड्याला सूज आहे का हे कळायला त्याचा खरा उपयोग होतो, आणि ती तपासणी टाळू नये.

शौचाच्या नमुन्याची एक मर्यादा विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला फार खटकते. मोठ्या आतड्यात तयार झालेल्या छोट्या आम्लांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास आम्लं तिथेच शोषली जातात. डबीत येतं ते उरलेलं. भाजी बाजारात संध्याकाळी शिल्लक राहिलेल्या भाजीवरून सकाळी किती गाड्या उतरल्या हे सांगण्यासारखं ते आहे. म्हणून नुसती डबी नको, त्याच दिवशीचं रक्तही हवं, आणि दोन्हींची सांगड घालायला हवी.

आता सीमेबद्दल. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की लगेच भाषेचा आणि राज्याचा वाद समोर येतो. मला इथे वेगळं सांगायचं आहे. एका सीमेने या विषयात फार मोठं शिकवलं आहे. फिनलंड आणि रशियाच्या मधल्या कारेलिया प्रदेशात सीमेच्या दोन्ही बाजूंना वंशाने जवळची माणसं राहतात. तरी टाइप वन मधुमेह फिनलंडच्या बाजूला रशियन कारेलियाच्या सहापट, असं २००५ मध्ये दिसलं. पुढे फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन कारेलियातल्या २२२ बाळांच्या आतड्यातले जिवाणू जन्मापासून तीन वर्षांपर्यंत पाहिले गेले. फिनलंड आणि एस्टोनियातल्या बाळांत बॅक्टेरॉइडिस गटाचे जिवाणू जास्त होते, आणि त्यांच्या आवरणातला एक घटक बाळाच्या प्रतिकारशक्तीला पुरेसं शिकवत नसावा, असं २०१६ मध्ये मांडलं गेलं. सीमेच्या दोन बाजूंची तुलना केली म्हणून हे दिसू शकलं.

आमच्याकडे तर याहून बारीक तुलना करता येईल. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या पावसात भात आणि नाचणी. बेळगाव ओलांडून पूर्वेला जात राहिलं की पाऊस कमी होतो आणि अथणीकडे जोंधळ्याची भाकरी. मधे चिकोडी-रायबागचा उसाचा पट्टा. हे सगळं एकाच जिल्ह्यात. एकाच गल्लीत मराठी घर, कन्नड घर, मुसलमान घर. पाणी एक, बाजार एक, दळण एकाच गिरणीत, आणि तरी फोडणी वेगळी, उपास वेगळे, मांसाहाराचे दिवस वेगळे. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथला माणूस दवाखान्याला बेळगावलाच येतो. म्हणजे दोन राज्यांचे रुग्ण तुमच्या एकाच ओपीडीत बसलेले असतात. जगातल्या कुठल्याही संशोधकाला हेवा वाटावा असं हे आहे.

मग करायचं काय, तर माझ्या मते सुरुवात लहान असावी. आमवाताचं निदान झाल्या दिवशी, मेथोट्रेक्झेट सुरू व्हायच्या आधी, रुग्णाचं रक्त आणि शौचाचा नमुना घ्यावा. आणि त्याच घरातल्या, त्याच चुलीवरचं जेवणाऱ्या एका निरोगी माणसाचाही घ्यावा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात आजार किती आणि औषध किती हे वेगळं काढणं अवघड होतं. मधुमेहात हे घडून गेलं आहे. टाइप टू मधुमेहाची म्हणून समजली गेलेली जिवाणूंची बरीचशी खूण प्रत्यक्षात त्यावरच्या मेटफॉर्मिन गोळीची होती, हे २०१५ मध्ये उघड झालं. आमच्याकडे तर मेटफॉर्मिनसोबत अॅसिडिटीच्या गोळ्या आहेत, मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली अँटिबायोटिक्स आहेत, 'वातावरच्या' बिननावाच्या पुड्या आहेत, आणि त्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. हे रुग्ण आपणहून सांगत नाही. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतो. न रागावता विचारलंत तरच कळेल.

आहाराचा कागद तर इथेच बसून, इथल्या बायकांना विचारून तयार व्हायला हवा. बाहेरून आणलेल्या प्रश्नावलीत 'होल ग्रेन: रोज, कधीकधी, कधीच नाही' असं असतं. त्यात नाचणीचं आंबील कुठे लिहायचं? रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला की त्यातला न पचणारा स्टार्च ताज्या भातापेक्षा वाढलेला असतो, जिवाणूंचं ते खाद्य. पण प्रश्नावलीला भात म्हणजे भात. शेंगदाण्याची चटणी, ताक, मोड आलेली मटकी, लाल मिरची किती, हे सगळं त्यात हवं. निपाणीकडच्या बाईला 'धूम्रपान करता का' विचारलं तर ती नाही म्हणेल आणि ते खरंच असेल. मिश्रीचा आणि विड्या वळण्याचा प्रश्न वेगळा विचारावा लागेल. श्रावण, रमजान, गणपती, दिवाळी यांची नोंद तारखेसोबत व्हावी, कारण आहार बदलला की थोड्याच दिवसांत आतड्यातलं चित्र बदलतं.

संमतीपत्राबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. नमुना देणाऱ्याला कळेल अशा भाषेत संमती घ्यावी, हे आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. आमच्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही आणि कन्नड बोलता आलं तरी वाचता येत नाही. तसंच एखाद्या कन्नड माउलीला मराठी कागद दिला तर तोही अन्याय. कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत कागद असावेत आणि ते मोठ्याने वाचून दाखवले जावेत. भाषेवरून इथे फार भांडणं झाली, दवाखान्यात तरी माणसाला त्याच्या भाषेत विचारलं जावं.

हे जमणार नाही असं नाही. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने गावातल्याच स्वयंसेवकांना तयार करून घरोघर सांधेदुखीची पाहणी केली आणि ते काम जगभर वाखाणलं गेलं. भिगवणला झालं ते खानापूरला का होऊ नये? आमच्याकडे आशा कार्यकर्त्या आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. खरी अडचण थंडाव्याची आहे. शौचाचा नमुना उघड्यावर राहिला तर जिवाणू आंबवत राहतात आणि आकडे बदलतात, म्हणून तो लवकरात लवकर उणे ८० अंशांत जायला हवा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडची वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या डब्या किंवा बर्फाची पेटी घेऊन ठरलेल्या दिवशी फिरणारी गाडी, यातलं जे परवडेल ते आधी ठरवा. तोवर नमुने गोळा करू नका, खराब नमुन्यांवर लोकांचा विश्वास खर्च होईल.

नेहरूनगरच्या संस्थेला एक वेगळी विनंती. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवात स्वतंत्र रोग म्हणून येतो आणि त्याचं मूळ मंदावलेल्या अग्नीशी जोडलेलं आहे. त्यावरून आजचं विज्ञान आधीच सांगून ठेवलं होतं असा दावा कुणी करू नये, माझाही नाही. पण आमचे रुग्ण एरंडेल आणि सुंठ घेतातच. ती घेतल्यावर आतड्यातल्या आम्लांत आणि पित्ताम्लांत काय फरक पडतो, पडतो की नाही, हे मोजायला तुमच्याहून योग्य जागा या भागात दुसरी नाही.

आमच्या तालुक्यातले आम्ही काही रुग्ण एकमेकांना ओळखतो. बहुतेक बायकाच आहोत, हा आजार बायकांना पुरुषांच्या तिप्पट होतो. आमची औषधं कधीच सुरू झालेली आहेत, तेव्हा पहिल्या गटात आमचा उपयोग नाही हे आम्हाला कळतं. पण घरोघर जायला, आहाराचे कागद भरून घ्यायला, डबीत नमुना कसा घ्यायचा हे न लाजता समजावून सांगायला आम्ही येऊ. मुली आणि सुना आमचं ऐकतील.

बदल्यात एकच मागणं आहे. याआधी लोकांनी रक्त दिलं, कागदांवर अंगठे उठवले आणि पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. यावेळी निकाल काहीही आला, अगदी कुठलीही खूण सापडली नाही असा आला, तरी तो त्या त्या घरच्या भाषेत दोन पानांत लिहून नमुना देणाऱ्या प्रत्येक घरी पोचवा, आणि गावात येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका